पुढचा बदल सातबाऱ्यावर

समाजात पुढचा मोठा बदल कोणता होणार, असे कुणी विचारले की आपण उत्तर शोधायला फार लांब जातो. कुणी म्हणते, जात जाईल. कुणी म्हणते, लग्नसंस्थाच मोडेल. कुणाला यंत्रे माणसांची कामे बळकावताना दिसतात. भविष्य सांगण्याचा माझा अधिकार नाही. मात्र शाळेत इतिहास शिकवण्यात तीस वर्षे गेल्यामुळे एक सवय लागली आहे. पुढचे पाहायचे तर आधी मागचे बदल कसे झाले, कुणी सुरू केले आणि त्या वेळी शेजारपाजारचे लोक काय म्हणत होते, ते तपासायचे. माझे माहेर वाळवा तालुक्यातले आणि सासर कराड तालुक्यातले. म्हणजे एक पाय सांगली जिल्ह्यात आणि एक साताऱ्यात. या तपासणीसाठी याहून चांगली जागा शोधूनही सापडायची नाही.

आज हे दोन जिल्हे वेगळे आहेत. १९४९ पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच मोडत असे. मग दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या जुन्या साताऱ्याच्या मातीत महाराष्ट्राचे कितीतरी बदल आधी रुजले आणि नंतर राज्यभर गेले.

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावचा; ते आज सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात आहे. जोतीरावांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. १८७३ साली पुण्यात स्थापन झालेला सत्यशोधक समाज पुढे साताऱ्याच्या खेड्यापाड्यांत जलशांच्या रूपाने पोहोचला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ पासून साताऱ्यात त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसू लागली. तिथल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे कर्मवीरांच्या पत्नीने, एकेक करून दागिने विकले आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पत्री सरकारने सावकार आणि गावगुंडांना वेसण घातली. न्यायदान मंडळे चालवली. कर्ज काढून लग्ने लावणाऱ्या गावांत अल्प खर्चाची ‘गांधी लग्ने’ लावली.

बदलाची तीन लक्षणे

या सगळ्या हकिगती शेजारीशेजारी मांडल्या की तीन लक्षणे समान दिसतात.

पहिले लक्षण असे, की ज्या गोष्टीवर बदल यायचा असतो तिथे नियम किंवा न्यायबुद्धी आधीच पुढे गेलेली असते आणि घर मागे राहिलेले असते. दुसरे असे, की लोक जुनी चाल पाळत असतात, पण तिचे समर्थन करताना त्यांचा आवाज खाली आलेला असतो. आधी ‘हीच रीत आहे’ एवढे म्हटले की भागत होते. आता कारणे द्यावी लागतात. तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. गावातल्या एखाद्या घराने ती गोष्ट करून दाखवलेली असते आणि त्या घराचे काहीही वाईट झालेले नसते. मुलगी शिकली तर तिचा नवरा मरतो, असे एके काळी खुशाल सांगितले जाई. शिकलेल्या मुलींचे नवरे धडधाकट राहिलेले दिसल्यावर ती भीती कुणी वाद घालून खोडावी लागली नाही. ती आपोआप हास्यास्पद झाली.

ही तीन लक्षणे हातात धरून आजच्या सातारा-सांगलीकडे पाहिले, तर मला एकच जागा अशी दिसते जिथे तिन्ही एकत्र आली आहेत. ती जागा म्हणजे शेतीचा सातबारा. बाईचे नाव सातबाऱ्यावर लागणे, आणि त्यातही बहिणीने वडिलांच्या जमिनीतला वाटा घेणे ही साधी, न कुजबुजता बोलण्याची गोष्ट होणे, हा आपल्या भागातला पुढचा मोठा बदल असेल, असे माझे मत आहे.

बारा एकरांचे गणित

कायदा किती पुढे गेला आहे, ते आधी पाहू. या प्रवासाचा एक धागाही साताऱ्यातूनच जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचे नाव दाखल झाले. त्याच मुलाने मोठेपणी कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिल मांडले. त्या विधेयकाला झालेल्या कडव्या विरोधातला एक मोठा मुद्दा मुलीच्या वारसाहक्काचा होता. विधेयक रखडले आणि १९५१ साली बाबासाहेबांनी राजीनामा दिला. पुढे १९५६ मध्ये हिंदू वारसा कायदा झाला, पण त्यात वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला जन्मसिद्ध हक्क मुलग्यांकडेच राहिला.

याचा अर्थ आकड्यांतच कळतो. एका घरी बारा एकर वडिलोपार्जित जमीन आहे. वडील, दोन मुलगे आणि एक मुलगी. आई आधीच वारली असे धरू. वडील गेले. १९५६ च्या हिशेबाने आधी वडील आणि दोन मुलगे असे तीन वाटे व्हायचे, प्रत्येकी चार एकर. मग वडिलांच्या वाट्याचे चार एकर तिन्ही भावंडांत. म्हणजे मुलीला सुमारे एक एकर तेरा गुंठे आणि प्रत्येक मुलाला पाच एकर तेरा गुंठे. एकाच आईच्या पोटची लेकरे, आणि एकाला दुसरीच्या चौपट!

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हा भेद काढला. केंद्राचा कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून बदलला, त्याच्या अकरा वर्षे आधीच आपण मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला होता. त्याच वर्षी राज्याचे महिला धोरणही आले होते. त्या कायद्यात एक मेख होती. तो लागू होण्यापूर्वी जिचे लग्न झाले तिला तो लाभ नव्हता. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अटही गेली. वडील २००५ मध्ये हयात असायला हवेत का, यावर न्यायालयांत बरीच वर्षे घोळ चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला: मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. आज त्या बारा एकरांत तिघांनाही चार-चार एकर येतात.

कायदा इथवर आला. घर कुठे आहे?

हक्कसोडपत्राची रांग

कुठल्याही तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर एक दुपार बसून पाहा. जीपमधून चार-पाच बाया उतरतात. बहुधा बहिणी असतात. वडिलांचे दिवसकार्य होऊन गेलेले असते. भाऊ लगबगीने चहा आणतो, भावजय थोरलीच्या हातात पिशवी देते. मुद्रांक लिहून तयार असतो. बहिणी सह्या करतात, अंगठे देतात, फोटो काढतात. त्याला म्हणायचे हक्कसोडपत्र. मजकुरात लिहिलेले असते की हा हक्क त्या राजीखुशीने सोडत आहेत. संध्याकाळच्या आत जो तो आपापल्या गावी. नंतर तलाठ्याकडे फेरफार होतो. जी नावे वारस म्हणून काही दिवस सातबाऱ्यावर आली होती, तीही कमी होतात. काही घरांत सहीचीही तसदी घेतलेली नसते. बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात वर्षानुवर्षे पडून राहतात. बाईची जागा कुठे, हे त्या रकान्याच्या नावातच आले.

माझ्या आत्याने अशीच सही केली होती. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. तिला भावाची माया होती आणि माहेरची वाट उघडी राहावी एवढीच इच्छा होती. ती वाट उघडी राहिलीही. दर दिवाळीला साडी आणि सुगीला एक पोते शाळू तिच्या घरी जात असे. पुढे यजमान लवकर गेले. दिरांनी घर वाटून घेतले आणि तिच्या नावावर कुठेही, काहीही नव्हते. मग तेच पोते तिला जड वाटू लागले. दिलेले घेणे आणि आपले आणणे यातला फरक तिने मला एकदाच सांगितला. ती म्हणाली, “पोरी, शाळू तोच असतो गं, पण भाकरी गिळत नाही.”

बाईला जमीन मिळण्याच्या दोन वाटा असतात, एक माहेरची, एक सासरची. माहेरी ती परक्याचे धन, सासरी परक्याची लेक. नवरा हयात असेपर्यंत त्याच्या वडिलोपार्जित शेतात बायकोला स्वतःचा मालकी वाटा कायदा देत नाही. तो मरण पावल्यावर ती वारस होते. म्हणजे चाळीस वर्षे ज्या रानात ती भांगलण करते, उसाला खत टाकते, रात्रीच्या विजेवर पाण्याची पाळी धरते, त्या रानाची ती कागदोपत्री कुणीच नसते. आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे विकास सोसायटीचे पीककर्ज नाही, साखर कारखान्याचे सभासदत्व नाही, ऊसबिल तिच्या खात्यावर नाही आणि सर्वसाधारण सभेत मत नाही. सहकाराच्या या भूमीत शेती हा सगळ्या संस्थांत शिरण्याचा दरवाजा आहे आणि त्याची किल्ली सातबारा आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. शेतावर राबणाऱ्यांत त्या किती असतात, ते पाहायला गणना लागत नाही.

प्रश्न केवळ पैशाचाही नाही. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या विवाहित स्त्रियांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्या नावावर जमीनही नव्हती आणि घरही नव्हते, त्यांच्यातल्या ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. ज्यांच्या नावावर दोन्ही होते, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होते. नवऱ्याच्या स्वभावात एवढा फरक पडत नसावा. निघून जायला जागा असलेल्या बाईवर हात उचलताना माणूस विचार करतो, इतकेच.

नकुशीचा उगम

आपल्या भागाची एक जखम इथेच सांगितली पाहिजे. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात एक आगळे बारसे झाले. ‘नकुशी’, ‘नकुसा’ अशी नावे घेऊन जगणाऱ्या २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. मुलगा हवा असताना तिसरी-चौथी मुलगी झाली की तिला असे नाव ठेवायचे, म्हणजे पुढची तरी होणार नाही, असा समज. पण ज्यांना नाव तरी मिळाले त्या नशीबवान. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात ९१३ मुली होत्या. साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१. २०११ मध्ये सांगलीचा आकडा थोडा सरकला तरी नऊशेच्या खालीच राहिला. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले.

हे उसाच्या पट्ट्यात घडले. पाणी होते, कारखाने होते, कॉलेजे होती, रस्ते होते. सुबत्ता आली की सुधारणा मागोमाग येते, हा आपला भाबडा समज या आकड्यांनी खोटा ठरवला. उलट बागायत झाली तशी जमिनीची किंमत चढली आणि ती ‘घराबाहेर’ जाऊ नये ही धास्तीही चढली. मुलगी नकोशी होण्यामागे हुंडा आहे, लग्नाचा खर्च आहे, वंशाचा दिवा आहे. पण या सगळ्यांच्या तळाशी, जमीन मुलाकडून मुलाकडे जाते हा नियम आहे. नकुशीचे नाव ऐश्वर्या ठेवले हे फार चांगले झाले. त्या ऐश्वर्याचे नाव सातबाऱ्यावर लागेल तेव्हा ते बारसे पुरे होईल.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या मताला होणारे आक्षेप मी अनेकदा ऐकले आहेत. ते करणारी माणसे वाईट नसतात, म्हणून त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप, ‘तिच्या लग्नात खर्च केला की.’ खर्च केला हे खरे. पण तो मांडवावर, जेवणावळीवर आणि मानापानावर झाला. तिच्या हाती त्यातले काय राहिले? भावाच्या लग्नाचा, त्याच्या शिक्षणाचा खर्च त्याच्या वाट्यातून कुणी वजा केल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप, ‘जमिनीचे तुकडे होतील.’ याला वजन आहे. २०१५-१६ मध्ये राज्यातले सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टरवर आले होते. पण हे तुकडे भावाभावांतल्या वाटणीने झाले. धाकट्या भावाने तुकडा वाचवण्यासाठी हक्क सोडावा, असे त्याला कोण सांगतो? शिवाय नाव लावणे म्हणजे लगेच बांध घालणे नव्हे. नावे सामाईक ठेवून शेत एकाने कसायचे आणि उत्पन्नाचा वाटा द्यायचा, हे पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या भावांच्या बाबतीत घरोघरी चालतेच. पनवेलच्या भावाला जे चालते ते पलूसच्या बहिणीला का चालू नये?

तिसरा आक्षेप, ‘शेत भावाने राबून राखले.’ तो राबला असेल, तर त्याच्या कष्टाचा मोबदला बोलून ठरवावा. बहुतेक बहिणी त्याला कबूल होतील.

चौथा आक्षेप खरा मर्मावरचा: ‘वाटा मागितला की माहेर तुटते.’ ही भीती खोटी नाही. अशी तुटलेली माहेरे मी पाहिली आहेत. पण एकाने हक्क सोडला तरच टिकते, अशा नात्याचे ओझे कायम एकाच बाजूने का वाहायचे? माझ्या घरची गोष्ट सांगते. आम्ही तीन बहिणी आणि दोन भाऊ. आबा गेल्यावर थोरल्या अण्णाने वारसनोंदीच्या अर्जात पाचही नावे लिहिली आणि आम्हाला नंतर सांगितले. भावकीत चर्चा झाली, चार लोकांनी त्याला वेड्यात काढले. शेत आजही तोच पाहतो. दरवर्षी ऊसबिल आल्यावर खर्च वजा जाता जे उरते त्याचा हिशेब कागदावर लिहून आम्हाला देतो. त्या कागदावरून आमचे एकदा दोन गोष्टींवर वाजलेही, पण ते भावंडांचे वाजणे होते. भाऊबीज चुकली नाही. उलट आता आम्ही ओवाळायला जातो तेव्हा पाहुण्या म्हणून जात नाही.

वारे कुठून वाहते आहे

आता पुन्हा त्या तीन लक्षणांकडे. कायदा पुढे आहे, हे पाहिले. आवाज खाली आला आहे, हेही त्या आक्षेपांच्या सुरातून कळते. ‘बाईला कसली जमीन’ असे उघडपणे म्हणणारा आता गावातही क्वचित भेटतो. आणि करून दाखवणारी घरे हळूहळू दिसू लागली आहेत.

याची तयारी बरीच जुनी आहे. कासेगावच्या इंदूताई पाटणकर स्वातंत्र्यलढ्यातून पुढे आल्या आणि नंतरच्या काळात सांगली भागात टाकलेल्या स्त्रियांच्या हक्कांसाठी उभ्या राहिल्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि कितीतरी गावांतल्या शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे केला. माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर म्हणून परवाना नाकारला गेला. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या.

अलीकडचे वारे आणखी जोराचे आहे. मे २०२२ मध्ये शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने राज्यातल्या सगळ्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगितले. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय नोंदीत वडिलांच्या आधी आईचे नाव लिहायचे ठरले. २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली: सातबाऱ्यावरच्या मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायची. वारस लिहायचे म्हटले की बहिणींची नावे आलीच. प्रश्न एवढाच, की ती तिथे किती काळ टिकतात.

विधवेच्या कपाळावर कुंकू राहणे, मुलाच्या नावात आईचे नाव येणे, ही मानाची पावले आहेत आणि ती आधी पडली, कारण त्यात कुणाचे एक गुंठाही जात नाही. मानानंतर मालमत्तेची पाळी येते. इंग्लंडमध्येही लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगण्याचा पुरा हक्क मिळायला १८८२ साल उजाडले होते. तोवर त्या देशाच्या गादीवर राणीला बसून पंचेचाळीस वर्षे झाली होती!

हा बदल मोर्चाने येईल असे मला वाटत नाही, आणि कोर्टातल्या दाव्यांनी तर नाहीच. दाव्यांनी जमीन मिळते आणि माणसे जातात. तो स्वयंपाकघरातून येईल. आज ज्या घरांत एक किंवा दोनच अपत्ये आहेत, तिथे पुष्कळ आईबाप फक्त लेकींचे आहेत. ते आपली जमीन पुतण्याला देणार नाहीत, लेकीलाच देतील, आणि लेकीच्या नावाचा सातबारा गावाच्या डोळ्यांना सवयीचा होईल. पंधरा-वीस वर्षांत हक्कसोडपत्राची रांग बरीच आखडलेली असेल, असा माझा अंदाज आहे.

तोवर आपल्या हातातल्या गोष्टी छोट्या आहेत. वडिलांनी हयातीतच सगळ्या लेकरांना एकत्र बसवून जमिनीचे बोलावे. वारसनोंदीच्या अर्जात बहिणींची नावे पहिल्याच दिवशी, न मागता लिहावीत. दिवसकार्याच्या मांडवात कुणाच्या सह्या घेऊ नयेत. दुःखाच्या घरात माणूस कशालाही हो म्हणतो. बहिणीला खरोखरच हक्क सोडायचा असेल तर तिने वर्षभराने, आपल्या घरी बसून, कागद स्वतः वाचून सोडावा. नाना पाटील चळवळीत उतरण्यापूर्वी तलाठी होते. सातबारा म्हणजे काय आणि त्यावर कुणाचे नाव नसते, हे त्यांना पुरते ठाऊक असणार. त्यांच्या वाळव्यात आणि कर्मवीरांच्या साताऱ्यात तरी या कामाला दुसरा कुणी पुढारी येण्याची वाट पाहायला नको.